सूची, अनुक्रमणी आणि शब्दशोध : आयव्ययाचा एक विचार

(१)

इतिहाससंशोधन करणाऱ्या संस्थांनीं आपल्या संग्रहांतील कागदांच्या छायाप्रती संगणकावर चढविण्यास आरंभ केल्याला आतां बरींच वर्षें झालीं. छायाप्रतींचें काम कांहीं अंशीं पुरें होत आलें म्हणजे दुसरी मागणी पुढें येते. संस्थेच्या संकेतस्थळावर एक चौकट असावी, तींत शब्द घालावा, आणि तो शब्द ज्या ज्या कागदांत आला असेल ते सर्व कागद वाचकापुढें यावे, अशी ही मागणी आहे. ह्या सोयीस प्रस्तुत लेखांत आम्ही 'शब्दशोध' असें नांव देतों. अशीच सूचना आमच्या परिचयाच्या एका संस्थेपुढें नुकतीच आली, व तिजवर मत देण्यास आम्हांस सांगण्यांत आलें. तरुण सभासदांचें म्हणणें, ही सोय विनाविलंब करावी. वृद्धांपैकीं कित्येकांचें म्हणणें, हा द्रव्याचा अपव्यय आहे. दोन्ही पक्ष आम्हीं शांतपणें ऐकून घेतले. परंतु हा प्रश्न एका संस्थेपुरता नाहीं. ज्यांच्या घरीं पोथ्यांचीं गांठोडीं व कागदांचे रुमाल आहेत त्या सर्वांचा त्याशीं संबंध येतो. म्हणून आमचें मत सभेपुरतें न ठेवतां येथें सविस्तर मांडतों.

जमाखर्च मांडावयाचा तर मागील बाकी प्रथम ओढून घ्यावी लागते. मोठ्या वाङ्मयांतून हवें तें स्थळ काढण्याचीं साधनें आजचीं नाहींत. तीं कोणी केलीं, त्यांना काय पडलें आणि त्यांनीं काय दिलें, हें पाहिल्यावांचून नव्या साधनाची किंमत ठरवितां येणार नाहीं.

(२)

आपल्या देशांत सूचीची कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदावरील कात्यायनाची सर्वानुक्रमणी हें तिचें उत्तम उदाहरण होय. प्रत्येक सूक्ताचें प्रतीक म्हणजे आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद येवढ्या गोष्टी तींत सूत्ररूपानें दिल्या आहेत. शौनकाच्या नांवावर असलेल्या अनुक्रमण्या व बृहद्देवता हे ग्रंथही त्याच वर्गांतले. ज्याला संहिता मुखोद्गत आहे अशा मनुष्यासाठीं हीं साधनें होतीं. मंत्र कोठें आहे हें त्याला शोधावयाचें नव्हतें. कांहीं गळलें नाहीं ना, अधिक कांहीं शिरलें नाहीं ना, आणि मंत्राची देवता व छंद कोणता, हें त्याला पाहावयाचें होतें. म्हणजे सूचीकारानें वाचकाची गरज आधीं ठरविली आणि सूचीचीं कलमें मागाहून ठरविलीं. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

सर्व शब्दांची सूची करण्याचा मोठा प्रयत्न युरोपांत तेराव्या शतकांत झाला. पॅरिस येथील डॉमिनिकन पंथाच्या मठांत, सेंट शेरचा ह्यू ह्याच्या देखरेखीखालीं, लॅटिन बायबलांतील शब्दांची सूची इ. स. १२३० नंतरच्या दशकांत तयार झाली. ह्या पहिल्या सूचींत शब्द व स्थळ येवढेंच होतें, वाक्य नव्हतें. एखादा शब्द शेंकडों ठिकाणीं आलेला असला म्हणजे वाचकास तीं सर्व स्थळें उघडून पाहावीं लागत. म्हणून दुसऱ्या खेपेस प्रत्येक स्थळापुढें सबंध वाक्य उतरून घेतलें. तेव्हां ग्रंथ येवढा वाढला कीं तो वापरणें अवघड झालें. तिसऱ्या खेपेस शब्दाच्या आगेंमागें मोजके शब्द ठेवले, आणि हीच रीति पुढें रूढ झाली. उपयोग आणि भार ह्यांचा मेळ बसण्यास तीन वेळां श्रम करावे लागले. आज जे आरंभींच परिपूर्ण सोय मागतात आणि जे आरंभींच ती नाकारतात, त्या दोघांनींही हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

(३)

संस्कृताच्या क्षेत्रांत अशा कामांस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोर आला. थिओडोर औफ्रेख्त ह्या जर्मन पंडितानें हस्तलिखितांच्या उपलब्ध याद्या एकत्र करून आपली महासूची १८९१, १८९६ व १९०३ अशी तीन भागांत प्रसिद्ध केली. तिचीच सुधारून वाढविलेली आवृत्ति काढण्याचें काम मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं हातीं घेतलें. ह्या याद्यांत केवळ वर्णक्रम नाहीं, निवाडाही आहे. माधवाचार्यांचा 'कालनिर्णय' आणि 'कालमाधव' हा एकच ग्रंथ, परंतु याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' आणि गौतमधर्मसूत्रावरील हरदत्ताची 'मिताक्षरा' हे दोन ग्रंथ, हें सूची करणाऱ्या विद्वानास ठरवावें लागतें. नुसत्या नांवावर शोध केला तर पहिल्या ठिकाणीं एकाचे दोन होतील व दुसऱ्या ठिकाणीं दोहोंचें एक होईल.

मॉरिस ब्लूमफील्ड ह्यांची वैदिक मंत्रपादांची सूची १९०६ सालीं हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेंत निघाली. मंत्राचा एक चरण माहीत असला म्हणजे तो कोणकोणत्या संहितांत, ब्राह्मणांत व सूत्रांत आला आहे, हें तीवरून तत्काळ सांगतां येतें. परंतु चरणाच्या मधला शब्द माहीत असेल तर ती सूची मुकी होते, कारण तिची मांडणी चरणाच्या आरंभावरून आहे. ती उणीव विश्वबंधु शास्त्री ह्यांच्या वैदिक पदानुक्रम कोशानें भरून काढली. लाहोरास सुरू झालेलें तें काम १९४७ च्या फाळणीनंतर होशियारपुरास पुरें झालें.

पुण्यांत भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस १९१९ सालीं आरंभ केला व १९६६ सालीं ती पुरी केली. त्यानंतर लगेच श्लोकपादांच्या सूचीचे सहा खंड १९६७ ते १९७२ ह्या काळांत निघाले. पुढें जपानांतील मुनेओ तोकुनागा ह्यांनीं ही संहिता संगणकावर चढविली व केंब्रिजचे जॉन स्मिथ ह्यांनीं ती तपासून शुद्ध केली. आतां कोणाही विद्यार्थ्यास घरीं बसून महाभारतांतील शब्द क्षणांत सांपडतो. मात्र ह्या सोयीच्या पाठीशीं सत्तेचाळीस वर्षांचें पाठचिकित्सेचें काम आहे, हें विसरूं नये. शोध झटपट होतो तो संहिता आधीं निश्चित झालेली आहे म्हणून.

डेक्कन कॉलेजांतील संस्कृत महाकोशाचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. १९४८ सालीं सु. मं. कत्रे ह्यांनीं तें काम सुरू केलें. सुमारें दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या करण्यांत आल्या; त्यांची संख्या एक कोटीच्या घरांत जाते. कोशाचा पहिला भाग निघाला तो १९७६ सालीं. केवळ वर्षें मोजणारास हा व्यय भारी वाटेल. परंतु प्रत्येक चिठ्ठी करणाऱ्यानें वाक्य वाचलें होतें, पदच्छेद केला होता व शब्द कोणत्या अर्थीं आला आहे हें पाहिलें होतें. 'चार्जुन' ह्यांतून 'अर्जुन' वेगळा काढण्याचें काम त्यानें केलें. यंत्रास तें शिकवावें लागतें; आणि शिकविल्यावरही पार्थ, धनंजय, कौन्तेय, सव्यसाची हा सर्व अर्जुनच, हें आणखी सांगावें लागतें.

(४)

आतां प्रस्तुत सूचनेच्या जमेच्या बाजूकडे वळूं. लाभ खरे आहेत, आणि ते मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत.

पहिला लाभ विखुरलेले कागद एकत्र येण्याचा. मराठेशाहींतील पत्रव्यवहार एका ठिकाणीं राहिला नाहीं. पत्र एका दप्तरांत, त्याचें उत्तर दुसऱ्या घराण्याच्या संग्रहांत, आणि त्याच प्रसंगाचा हिशेब तिसरीकडे, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. राजवाडे ह्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला व पुढें एकंदर बावीस खंड निघाले. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ ह्या अवधींत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. ह्या दोन मालांतील एकाच मनुष्याचीं पत्रें जुळवून पाहावयाचीं तर आजही टेबलावर पुस्तकांचा ढीग रचावा लागतो. शब्दशोधानें हें काम एका बैठकींत होईल.

दुसरा लाभ बाहेरगांवच्या अभ्यासकाचा. ज्याला पुण्यास येऊन महिनाभर राहणें परवडत नाहीं, अशा शिक्षकास वा विद्यार्थ्यास आपल्या गांवाचे उल्लेख घरीं मिळतील. आम्हीं स्वतः शाळेची नोकरी करीत असतां उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतेंच संशोधन केलें. रुमाल सोडावा, टांचणें काढावीं, आणि हवा तो कागद दिसण्यापूर्वीं सुट्टी संपावी, असें कित्येक वर्षें झालें. म्हणून ह्या लाभाचें मोल आम्ही कमी लेखूं शकत नाहीं.

तिसरा लाभ कागदाचा. जुना कागद दर वेळीं हाताळला कीं झिजतो. घडीवर फाटतो, कडा गळतात. दहा माणसांनीं एका नांवासाठीं दहा वेळां रुमाल सोडण्यापेक्षां नेमका कागद एकदांच काढणें केव्हांही श्रेयस्कर.

(५)

परंतु आपले कागद म्हणजे छापील संहिता नव्हे. मोडी लिपींत शिरोरेघ आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाहीं. मोडी अक्षरांस युनिकोडांत स्थान मिळालें तें २०१४ सालीं. यंत्राकडून मोडी वाचवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत व त्यांस यश येवो अशीच आमची इच्छा आहे. तथापि लिपीचा प्रश्न सुटला तरी भाषेचा उरतोच.

कालनिर्देश घ्या. राक्षसभुवनची लढाई इ. स. १७६३ च्या ऑगस्टांत झाली. हा आंकडा त्या काळच्या मराठी कागदांत कोठेंच यावयाचा नाहीं. तेथें सुहूर सनाचें 'अर्बा सितैन मया व अलफ' असें अक्षरी वर्ष, आणि 'छ' ह्या अक्षरापुढें मुसलमानी महिन्याची तारीख असते. त्याच इसवी सनाचा मृगापूर्वींचा भाग 'सलास सितैनां'त पडतो. संस्कृत पोथ्यांच्या पुष्पिकांत तर शक भूतसंख्यांनीं दिलेला असतो. 'रस, बाण, मुनि, इंदु' हे शब्द उजवीकडून डावीकडे मांडून १७५६ करावे लागतात. आंकड्यानें शोधणारास ह्यांपैकीं कांहींही हातीं लागणार नाहीं.

नांवांची गोष्ट ह्याहून बिकट. नाना फडणीस हे कागदांत बहुधा 'बाळाजी जनार्दन' असतात. पेशवे 'श्रीमंत' किंवा 'तीर्थरूप' असतात. इंग्रज हे कधीं इंग्रज तर कधीं टोपीकर. पानिपतच्या मोहिमेंतील अफगाण हे गिलचे. १७७९ च्या वडगांवच्या मोहिमेंत पडलेला कॅप्टन स्टुअर्ट आपल्याकडे 'इष्टुर फाकडा' झाला. 'स्टुअर्ट' असा शब्द चौकटींत घालणारास तो भेटणार नाहीं.

आणि कित्येक वेळां लिहिणारा नांव मुद्दामच टाळतो. पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेबांस एका सावकाराच्या सांकेतिक पत्रानें कळली, अशी प्रसिद्ध कथा आहे. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत ती आली आहे. दोन मोतीं गेलीं, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुप्याची व तांब्याची तर गणतीच नाहीं, अशा आशयाचा तो मजकूर होता. मोतीं म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, हें वाचणारानें जाणिलें. मराठ्यांच्या इतिहासांतील येवढी मोठी बातमी, पण तींत 'पानिपत' नाहीं, 'भाऊ' नाहीं, 'लढाई' नाहीं. शब्दानें शोध केला तर तो कागद जवाहिऱ्याच्या हिशेबांत जाऊन पडेल.

(६)

ह्या संबंधांत आमचीच एक चूक येथें सांगणें आम्हांस भाग आहे. ती सांगण्यांत संकोच वाटतो. पण दुसऱ्याची उदाहरणें देऊन आपलें झांकणें योग्य नव्हे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवच्या वतनदार घराण्यांविषयीं टिपण लिहितांना आम्हीं एका संग्रहाच्या लिप्यंतरित कागदांवर शब्दशोध करून पाहिला. त्या गांवच्या जोशी घराण्याची माहिती हवी होती. 'जोशी' हा शब्द घातला. गांवाचें नांव घातलें. उत्तर आलें, कांहीं नाहीं. आम्हीं तीन चार वेळां शब्द बदलून पाहिले, पण ते आमच्या सोयीचे, कागदाच्या वळणाचे नव्हेत. नंतर टिपणांत आम्हीं लिहिलें कीं, पेशवाईच्या पूर्वार्धांत ह्या घराण्याचा त्या गांवीं उल्लेख आढळत नाहीं. तें मागाहून आलें असावें.

टिपण छापून आल्यावर त्या घराण्यांतील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. हातांत एक जुना कागद होता. रागावले नव्हते. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आम्हांला जोशी म्हणून शोधलेंत. कागदांत आम्ही जोसी आहों, आणि वृत्ति म्हणून जोसपण लिहिलें आहे." आम्हीं कागद वाचला. नंतर त्याच संग्रहांत 'जोसी' व 'जोसपण' हे शब्द घालून पाहिले, तों तीन कागद पुढें आले. पैकीं एक आम्ही जो काळ रिकामा म्हटला होता त्यांतला होता. लेखनाचे हे प्रकार चाळीस वर्षें मोडी वाचणाऱ्या माणसास ठाऊक नव्हते असें नाहीं. रुमाल स्वतः सोडून बसलों असतों तर डोळ्यांनीं 'जोसी' पाहतांच थांबलों असतों. पण यंत्रानें 'नाहीं' म्हटलें, आणि त्या 'नाहीं'वर आमच्या मनानें नकळत अधिक विश्वास टाकला. घराण्याचें गांवांतील जुनेपण ही त्या गृहस्थांच्या दृष्टीनें केवळ विद्वत्तेची बाब नव्हती. आम्हीं दुरुस्ती छापली. परंतु पहिलें टिपण ज्यांनीं वाचलें त्या सर्वांनीं दुरुस्ती वाचली असेल असें नाहीं.

आमच्या मतें शब्दशोधाचा सर्वांत मोठा व्यय हाच. पैसा पुन्हां मिळवितां येतो. पण 'आढळत नाहीं' असें एकदां छापलें गेलें म्हणजे तें एका लेखांतून दुसऱ्या लेखांत चालत राहतें. जुना संशोधक 'आम्हीं पाहिलेल्या कागदांत नाहीं' असें लिही, आणि कोणते कागद पाहिले हेंही सांगे. शब्दशोध करणारास आपण काय पाहिलें नाहीं हेंच कळत नाहीं.

(७)

आतां प्रत्यक्ष खर्चाचा आंकडा. उदाहरणादाखल दहा हजार मोडी कागदांचा एक संग्रह धरूं. आमच्या स्वतःच्या अनुभवाप्रमाणें मध्यम अक्षराचा एक कागद वाचून देवनागरींत उतरण्यास सरासरीनें अर्धा तास, आणि दुसऱ्या जाणत्यानें तो मुळाशीं ताडून पाहण्यास पाव तास लागतो. म्हणजे एकंदर साडेसात हजार तास झाले. मोडीचें काम दिवसास चार तासांहून अधिक नीट होत नाहीं. वर्षांत अडीचशें दिवस धरले तर एका माणसाचें हें साडेसात वर्षांचें काम होतें. त्यावर यंत्राची व्यवस्था, दर कांहीं वर्षांनीं तिचें नूतनीकरण आणि एक जबाबदार माणूस, हा खर्च कायमचा आहे. इमारत बांधून दिवाबत्तीची तरतूद न करणाऱ्या संस्था आपण पाहिल्या आहेत. येथेंही तेंच होण्याचा संभव आहे.

ताडून पाहण्याचा खर्च वांचवावा, अशी सूचना पुढें येते. तिचा परिणाम साध्या गणितानें दाखवितां येतो. शंभर अक्षरांत एकच अक्षर चुकलें असें धरलें, तरी दहा अक्षरांचें नांव शंभर ठिकाणीं आलेलें असतां सुमारें दहा ठिकाणीं तें बिघडलेलें असणार व शोधांत गळणार. शंभरांत पांच अक्षरें चुकलीं तर शंभरांपैकीं चाळीस ठिकाणें गळतील. वाचकापुढें साठ उत्तरें येतात आणि तो संतुष्ट होतो; गळलेलीं चाळीस त्याला दिसत नाहींत.

खासगी संग्राहकांची अडचण वेगळी आहे व ती आम्हांस रास्त वाटते. घरच्या कागदांत कर्जें आहेत, दत्तकाचे तंटे आहेत, भाऊबंदकीचे निवाडे आहेत. रुमाल बांधलेला असतां जें कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हतें, तें नांव घालतांच कोणासही दिसेल. शिवाय कोणत्या घरीं कोणती जुनी पोथी आहे हें उघड झालें म्हणजे विकत घेणारे व त्याहून वाईट लोक दाराशीं येतात. ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या कागद सांभाळले, त्यांचा विश्वास गमावला तर पुढचे रुमाल संस्थेकडे येणारच नाहींत. म्हणून मालकाची लेखी संमति घ्यावी, आणि शोधाच्या उत्तरांत कागदाचा आशय द्यावा, पण घराचा पत्ता देऊं नये.

(८)

दोन्ही बाजू मांडून झाल्यावर आमचें मत असें कीं, ही सोय करावी, परंतु ज्या क्रमानें मागितली आहे त्या क्रमानें करूं नये. तो क्रम येणेंप्रमाणें असावा.

१. आधीं मुद्रित साधनें घ्यावीं. राजवाडे, सरदेसाई इत्यादिकांचे खंड देवनागरींत छापलेले आहेत. जाणत्यांनीं ते एकदां वाचलेलेच आहेत. यंत्रास ते वाचणें सोपें जातें व श्रमाच्या मानानें फळ सर्वांत अधिक मिळतें. राजवाडे १९२६ सालीं वारले व पेशवे दप्तराचे भाग १९३४ पर्यंत निघाले. भारतीय कायद्याप्रमाणें दोहोंच्याही स्वामित्वाची साठ वर्षांची मुदत केव्हांच संपली आहे.

२. अप्रकाशित कागदांचें संपूर्ण लिप्यंतर करीत बसण्यापूर्वीं प्रत्येक कागदाची टांचणसूची करावी. लिहिणारा, ज्यास लिहिलें तो, स्थळ, मूळ मिति व जंत्रीवरून काढलेली इसवी तारीख, कागदाचा प्रकार आणि दोन ओळींचा आशय, येवढीं कलमें पुरेत. आशय लिहिणारा जाणता असला म्हणजे हरवलेलीं मोतीं हीं मोतीं नव्हेत, हें सूचींत येईल. टांचण करण्यास लिप्यंतराच्या एकचतुर्थांश वेळही लागत नाहीं.

३. पर्यायांची यादी करून ती यंत्राच्या हातीं द्यावी. जोशी, जोसी, जोतिषी, जोसपण, इंग्रज, टोपीकर, स्टुअर्ट, इष्टुर, नाना फडणीस, बाळाजी जनार्दन. ही यादी कोणा एकाच्यानें पुरी होणारी नव्हे. मोडी वाचणाऱ्या प्रत्येकानें आपल्या टांचणवहींतून तींत भर घातली पाहिजे, आणि जे वृद्ध वाचक आज हयात आहेत त्यांच्याकडून ती आधीं मिळविली पाहिजे.

४. प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर, एकंदर इतक्या कागदांपैकीं इतके वाचले गेले आहेत, पैकीं इतके ताडून पाहिले आहेत, असें स्पष्ट लिहावें. उत्तर शून्य असेल तेव्हां तर हें अवश्य लिहावें.

५. शब्द सांपडला म्हणजे केवळ ती ओळ न दाखवितां सबंध कागदाची छायाप्रत, आणि रुमालांतील आगचा व मागचा कागद, हेही उघडतां यावे. मिति नसलेल्या कित्येक पत्रांचा काळ शेजारच्या पत्रांवरूनच ठरतो. वाचकास चूक आढळल्यास ती कळविण्याची सोय असावी, व दुरुस्ती करणाराचें नांव आणि तारीख तेथें नमूद व्हावी.

ह्या पांच कलमांपैकीं पहिल्या चारांस फार मोठें द्रव्य लागत नाहीं. जाणतीं माणसें व चिकाटी लागते. सर्वानुक्रमणीच्या कर्त्यानें आपल्या वाचकास काय हवें हें आधीं ठरविलें, असें आम्हीं वर म्हटलें. आपल्या वाचकास हवा आहे कागद, आणि त्या कागदाविषयीं खरें बोलणारी सूची. तसें साधन झालें तर पैशाचा प्रश्न आम्हांस गौण वाटतो.

शेवटीं ह्या पृष्ठांत लेख पाठविणाऱ्या बंधूंस एक विनंति. केवळ शब्दशोधावरून 'अमुक गोष्ट आढळत नाहीं' असें विधान कोणीं करूं नये. करावयाचें झाल्यास कोणते शब्द घालून, कोणत्या संग्रहांत, किती कागदांवर शोध केला, हें सांगावें. संपादकांनींही हा नियम पाळावा. आमचें टिपण ज्या काळीं छापलें गेलें त्या काळीं असा नियम असता, तर एका वृद्ध गृहस्थांस आपल्या पूर्वजांचा कागद घेऊन आमच्या दारीं यावें लागलें नसतें. आमच्याजवळ मोडी लेखनांतील नांवांच्या व वृत्तिवाचक शब्दांच्या पर्यायांची एक वही आहे. तींत सुमारें आठशें नोंदी झाल्या आहेत. ज्या संस्थेस ती उपयोगी पडेल तिला तिची नक्कल देण्यास आम्ही तयार आहों. संग्राहकांनीं आपापल्या वह्यांतील भर तींत घालावी, इतकेंच मागणें आहे.